रोटरी घेऊ की वाँडवरच भागवू?

या वेळी पत्रं जवळजवळ सगळी कार्पेटचीच आलीत. मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की आम्ही नवराबायको मेलबर्नमध्ये चौदा वर्षं लोकांची कार्पेटं धुतोय, त्याचा हा परिणाम असावा. एका पत्राचं उत्तर लांबलंय, कार्पेट धुवायला हाताने ओढायचा वाँड पुरे की मोटरने फिरणारी रोटरी घ्यावी, असा त्यातला प्रश्न आहे; बाकीची आटोपशीर घेते.

प्रश्न : ताई नमस्कार, मी मेलबर्नलाच टार्नीटला असतो, आधी टॅक्सी चालवायचो, आता दीड वर्ष झालं कार्पेट क्लीनिंग करतोय, भाडेकरू घर सोडतात तेव्हाचीच कामं जास्त. माझ्याकडे दोन व्हॅक्युम मोटरचं पोर्टेबल मशीन आहे आणि साधा चार जेटचा, म्हणजे फवारा मारणाऱ्या चार तोट्यांचा वाँड. एकजण धंदा बंद करतोय, त्याची वापरलेली रोटरी विकायचीय. त्याने डेमो दिला, मी वाँडने काढलेल्या जागेवरच रोटरी फिरवली तर पाणी चहासारखं आलं, मला लाजच वाटली. बायको म्हणते आधी आहे त्या मशीनचे पैसे सुटू देत. खांदा पण रोज संध्याकाळी दुखतो. घेऊ का?

उत्तर : दादा, पहिलं म्हणजे लाज वगैरे वाटून घेऊ नका, हा डेमो मी निदान पाच वेळा पाहिलाय आणि एकदा त्याला फसलेय. तुम्ही उलटं करून बघा. आधी त्याला रोटरी फिरवू द्या, मग त्याच जागेवर तुमचा वाँड ओढा. तुमच्याही पाण्याला रंग येईल. कार्पेटवर तिसऱ्यांदा चौथ्यांदा काहीही फिरवा, थोडा मळ निघतोच, कारण मधल्या वेळात केमिकल अजून मुरलेलं असतं आणि पाणी आणखी खाली गेलेलं असतं. खरी तुलना करायची तर एकच खोली मधोमध चिकटपट्टी लावून वाटून घ्या, दोन्हीकडे तेच प्रीस्प्रे (धुण्याआधी मारायचं केमिकल), तेवढाच मुरायचा वेळ, तेवढीच मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी वाळल्यावर बघा. ओलं कार्पेट सगळंच छान दिसतं हो.

आता दोन्हींत फरक काय ते नीट सांगते, कारण विकणारे लोक सगळं एकाच वाक्यात गुंडाळतात की रोटरी 'डीप' साफ करते. वाँड म्हणजे काय, एक वाकडी नळी, खाली फूटभर रुंदीचं तोंड, मागे जेट, पुढे शोषणारी फट. खटका दाबून मागे ओढताना गरम पाणी मारायचं, मग खटका सोडून कोरडे फेरे मारायचे. म्हणजे एका जागेवर पाणी पडतं ते एकाच दिशेने आणि सेकंदाच्या आत तोंड पुढे गेलेलं असतं. लव एका बाजूने धुतली जाते. रोटरीत तीच तोंडं एका फिरत्या तबकडीला बसवलेली असतात, आरएक्स-२० नावाच्या रोटरीत तीन, आणि मोटर ती गरागरा फिरवते, त्यामुळे तुम्ही सावकाश मागे सरकताना एकाच जागेवरून तोंडं कितीतरी वेळा आणि चारी बाजूंनी जातात. थोडक्यात, तुम्ही हाताने चार दिशांनी चाळीस वेळा वाँड मारला असतात तर जे झालं असतं ते मोटर करते.

हेन्केल कंपनीत हर्बर्ट सिनर म्हणून एक केमिस्ट होते, त्यांनी १९५९ साली मांडलं की धुणं कुठलंही असो, त्यात चारच गोष्टी असतात : केमिकल, तापमान, घासणं आणि वेळ. एक कमी केलं की उरलेल्या तिघांनी ते भरून काढायचं. आपल्या आज्या राखेने भांडी घासायच्या तेव्हा केमिकल जेमतेम आणि घासणं जोरदार, तसंच. वाँडमध्ये घासणं जवळजवळ शून्य असतं. रोटरी तुम्हाला ते घासणं विकत देते. शोषण देत नाही, आणि हाच मुद्दा तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा आहे.

कारण शोषण करणार कोण, तर तुमचं तेच दोन मोटरचं पोर्टेबल. एका ग्लासात एक स्ट्रॉ घालून उसाचा रस ओढा आणि मग तीन स्ट्रॉ तोंडात धरून ओढा, फुप्फुसं तीच, मग प्रत्येक स्ट्रॉतून किती येणार? ट्रकमाउंटचा, म्हणजे गाडीतच बसवलेल्या मोठ्या मशीनचा ब्लोअर हवा खेचतो ती पोर्टेबलच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त, त्यामुळे या रोटरी खऱ्या खुलतात ट्रकमाउंटवर. पोर्टेबलवर चालत नाहीत असं अजिबात नाही, बरेच जण चालवतात, पण होज (शोषणाची लांब नळी) लहान ठेवावा लागतो, मशीन दारात न ठेवता खोलीत आणावं लागतं, सरकायचा वेग निम्मा करावा लागतो. नाहीतर कार्पेट साफ होतं आणि संध्याकाळपर्यंत ओलं राहतं, आणि घराच्या एजंटचा फोन येतो.

पाण्याचा हिशोब पण करा. तुमच्या वाँडच्या जेटवर बारीक आकडे असतात, समजा ११००२ लिहिलंय. त्यातले पहिले तीन आकडे म्हणजे फवाऱ्याचा कोन, ११० अंश, आणि शेवटचे दोन म्हणजे ४० पीएसआय दाबाला मिनिटाला ०.२ अमेरिकन गॅलन, साधारण पाऊण लिटर. दाब पाचपट केला म्हणजे २०० पीएसआय, तर पाणी पाचपट होत नाही, सव्वादोनपट होतं, म्हणजे एका जेटमधून १.७ लिटर आणि चार जेटमधून मिनिटाला जवळपास ७ लिटर. हे पोर्टेबलला आत्ताच जड जात असणार! माझा अंदाज विचाराल तर तुमचा निम्मा त्रास इथे आहे, आहेत त्या चार जेटच्या जागी बारीक नंबरचे जेट टाका, फार खर्चाचं काम नाही, आधी ते करून बघा. आणि एकदा तरी मोजा : टाकीत मोजून २० लिटर भरा, एक खोली करा, मग वेस्टच्या (मळक्या पाण्याच्या) टाकीत किती परत आलं ते बघा, फेस धरू नका. रोटरीचीही हीच परीक्षा त्या माणसाच्या समोर घ्या, तुमच्या मशीनवर, त्याच्या ट्रकमाउंटवर नाही.

विजेचं तर लोक विसरतातच. इथला साधा सॉकेट १० अँपिअरचा, म्हणजे २४०० वॅटला संपला. तुमच्या दोन मोटर, पंप आणि हीटर असेल तर तो, याच्यासाठीच दोन वायरी दोन खोल्यांत न्याव्या लागत असतील. त्यात रोटरीची तिसरी वायर, आणि ती वेगळ्या सर्किटवर पाहिजे. जुन्या फ्लॅटमध्ये वीज ट्रिप झाली आणि स्विचबोर्ड खाली मॅनेजरच्या कुलपात, हे आमचं झालेलं आहे, अर्धा तास जिन्यात बसून होतो.

मग रोटरी घेऊच नको का? तसंही नाही. काही कामं अशी असतात की तिथे मला वाँड हातात धरवत नाही. रेस्टॉरंटचा बारजवळचा पट्टा, तेलकट, चिकट, वर्षानुवर्षं पायांनी दाबलेला. पाच विद्यार्थी राहिलेलं घर. पॉलिप्रॉपिलीनचं स्वस्त कार्पेट ज्याच्या धाग्याला तेल धरून ठेवायची सवयच असते. तिथे रोटरी फिरली की कडेला उभा असलेला मालक "अरे हा रंग होता होय" म्हणतो, आणि ते ऐकायला मजा येते हे कबूल करते. पण तुमच्यासारख्या कामात अशी घरं दहात किती असतात ते तुम्हीच मोजा. उरलेल्या घरांत केस आणि धूळच जास्त असते, ती आधी कोरड्या व्हॅक्युमने निघते, आणि खरं सांगते, घाईत असलेली माणसं हीच पायरी गाळतात आणि मग मशीनला दोष देतात. कोरडी माती पाणी लागलं की चिखल होते, मग कुठलंही मशीन आणा.

आणि हो, दारापासून सोफ्यापर्यंत जो करडा पट्टा दिसतो ना, तो पुष्कळदा मळ नसतोच. बुटाखालच्या वाळूने धागा घासला जाऊन त्याची चमक गेलेली असते, काचेवर ओरखडे पडल्यासारखं. तो वाँडने जात नाही, रोटरीनेही जात नाही. भाडेकरूला आधीच दाखवून फोटो काढून ठेवा, नाहीतर तो म्हणणार तुमच्याकडे चांगलं मशीन नाही, आणि तुम्ही त्या बोलण्यावरून दोन-तीन हजार डॉलर घालवून बसाल.

रोटरी जिथे जात नाही त्या जागा तर आहेतच. जिना नाही, वॉर्डरोबच्या आत नाही, कोपरा गोल असतो का कधी? तबकडी गोल. भिंतीच्या कडेने जी काळी रेघ बसते, दाराखालून येणाऱ्या हवेतली धूळ गाळली जाऊन, ती हाताच्या ब्रशने आणि छोट्या टूलनेच. म्हणजे रोटरी घेतलीत तरी वाँड गाडीत राहणारच आणि वजनात भर. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही, खांदा दुखतोय, आणि वर अजून एक पंधरा-वीस किलोचं धूड.

खांद्याबद्दल मात्र रोटरीच्या बाजूने बोलावं लागेल. ती ओढावी लागत नाही, दांडा किंचित वरखाली केला की आपली आपण डावी-उजवीकडे सरकते, फरशी पॉलिशच्या मशीनसारखी, आठवडाभरात हात बसतो. माझ्या नवऱ्याचा उजवा खांदा गेला तेव्हाच आम्ही रोटरी घेतली, सफाईसाठी नाही. पण तुम्ही आधी वाँडला ग्लाइड लावलंय का? टेफलॉनची पट्टी असते, तोंडाच्या ओठावर बसते, शंभरेक डॉलरच्या आसपास काम होतं, आणि वाँड असा घसरतो की पहिल्या दिवशी आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. कार्पेटला ओरखडा कमी आणि हवा पण सगळ्या रुंदीत सारखी लागते. ग्लाइड न लावता खांद्यासाठी रोटरी घेणं म्हणजे चप्पल चावते म्हणून स्कूटर घेणं.

एक किस्सा सांगते म्हणजे लूपचं लक्षात राहील. इथे घरांत लोकरीची लूप पाइल कार्पेटं खूप. धागा कापलेला नसतो, टाके घातल्यासारखा वळलेला असतो. रोटरी नवीकोरी होती, मला हौस, एका बाईंच्या हॉलमध्ये ब्रशवालं हेड लावून फिरवली, जोडाजवळ एक धागा सुटलेला होता तो मी पाहिलाच नाही. तबकडीने तो पकडला आणि विणकामाची सुई निसटल्यावर होतं तसं, सरळ रेषेत अर्धा मीटर उसवत नेलं. पट्टी बदलून द्यावी लागली, त्या कामाचे आणि पुढच्या चार कामांचे पैसे त्यात गेले. तेव्हापासून लूप असेल तर आधी गुडघ्यावर बसून जोड तपासते, आणि शंका आली की सरळ वाँड. मखमली कापलेल्या लवेवर वेगळीच गंमत, गोल गोल चकल्यांसारख्या खुणा उठतात, वाळायच्या आत ग्रूमिंगचा कंगवा फिरवला तर जातात, विसरलात तर राहतात.

मधला रस्ता एक आहे जो त्या विकणाऱ्याने तुम्हाला सांगितला नसेल. सीआरबी, म्हणजे उलटसुलट फिरणारे दोन लांब ब्रश असलेलं मशीन. प्रीस्प्रे मारा, याने घासून घ्या, दहा मिनिटं मुरू द्या, मग वाँडने ओढा. सिनरसाहेबांचं घासणं वाँडच्या आधीच उरकलं, केस वर आले, रोटरीच्या कमी पैशात, आणि पाणी किती मारायचं ते तुमच्या बोटात राहतं. माझं मत विचारलंत म्हणून, मी तुमच्या जागी असते तर या वर्षी जेट बदलले असते, ग्लाइड लावलं असतं, जमलं तर वापरलेला सीआरबी घेतला असता, आणि रेस्टॉरंटची कामं मिळायला लागली किंवा ट्रकमाउंट घेतलं की मग रोटरी. वहिनींचं म्हणणं बरोबर आहे, त्यांना सांगा मी म्हणाले.

प्रश्न : काकू, आमच्याकडे कोथरूडला दोन गालिचे आहेत, एक सासूबाईंच्या वेळचा उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा लोकरीचा हाताने विणलेला आणि एक आम्ही घेतलेला चमकदार, दुकानदार बांबू सिल्क म्हणाला. सोसायटीत एक क्लीनिंगवाले आले होते ते म्हणाले घरीच फिरत्या मशीनने दोन्ही डीप क्लीन करून देतो. करू का?

उत्तर : दोन्हींना नको, आणि चमकदारला तर हात पण लावू देऊ नकोस. बांबू सिल्क म्हणजे रेशीम नव्हे, व्हिस्कोस असतं, झाडाच्या लगद्यापासून काढलेला धागा. ओला झाला की तो एकदम कमजोर होतो, त्यावर काहीही घासलं की चमक कायमची जाते, वाळताना पिवळट डाग उठतात आणि लव कडक होऊन बसते. त्याला नियमित हलकं व्हॅक्युम, ब्रश न फिरवता, आणि काही सांडलं तर पांढऱ्या सुती कापडाने टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. एवढंच.

भदोहीचा मात्र धुता येतो, लोकर सोशिक असते, पण त्या फिरत्या मशीनखाली नाही. आधी मागून काठीने झोडपून माती काढायची, आपल्याकडे दिवाळीआधी गच्चीवर करायचे ना तसं, आणि मग रंग जातो का ते बघायचं : लाल आणि निळ्या भागावर ओलं पांढरं कापड दोन मिनिटं दाबून धर, कापडाला रंग लागला तर घरी पाणी लावूच नकोस, गालिचे धुणाऱ्या माहीतगाराकडेच दे. साबण लोकरीचा, सौम्य. कपड्यांची पावडर किंवा सोडा अजिबात नाही, जास्त अल्कली लोकर खाते. आणि गालिचा धुऊन आला की आडवा पसरून वाळवायचा, कठड्यावर टाकला तर ओल्या वजनाने आकार जातो.

प्रश्न : हिंजवडीत एका आयटी ऑफिसची फॅसिलिटी बघतो. कार्पेट टाइल्स आहेत, म्हणजे चौकोनी तुकड्यांचं कार्पेट. व्हेंडर स्प्रे-एक्स्ट्रॅक्शनचं (पाणी मारून परत ओढणारं) छोटं मशीन वापरतो, कॉफीचे डाग जातात आणि सोमवारी परत दिसतात. मॅनेजमेंट म्हणतंय परदेशात असतात तशा रोटरी मागवा. उपयोग होईल का?

उत्तर : डाग परत येतो कारण तो गेलेलाच नसतो. वरचा निघाला, पाण्याबरोबर खाली उतरला, आणि वाळताना वातीतून तेल चढावं तसा धाग्यातून वर चढला. यावर रोटरी म्हणजे अजून पाणी, अजून वात. कमी पाणी आणि जास्त शोषण हा उपाय. डाग काढून झाला की त्यावर पांढऱ्या टॉवेलची घडी आणि वर वजन ठेवून रात्रभर सोडा, जे वर चढेल ते टॉवेलमध्ये चढू दे.

व्हेंडरकडे कार्चरचं पुझी १०/१ असेल तर ते मिनिटाला एक लिटर पाणी मारतं १ बारच्या दाबाने, डागांना आणि खुर्च्यांना उत्तम आहे, पण अख्खा मजला त्याने करणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. मजल्यासाठी एन्कॅप्सुलेशन बघा. त्यात केमिकल मळाभोवती वाळून ठिसूळ कण होतो आणि तो पुढच्या व्हॅक्युममध्ये निघतो, पाणी फार लागत नाही, रात्री केलं की सकाळी लोक बसतात. वर्षातून एकदा-दोनदा धुणं, तेही जाण्यायेण्याच्या पट्ट्यातच. आणि टाइल्सचा फायदा घ्या ना, दाराजवळची चार टाइल काढून टेबलाखालच्या तिथे लावा, कुणाला कळणार पण नाही. पावसाळ्यात मात्र एसी बंद करून धुवायला देऊ नका, दमट हवेत दोन दिवस वाळत नाही आणि वास असा सुटतो की एचआरला मेल येतात.

प्रश्न : सिडनीत भाड्याने मिळणारं मशीन आणून घरीच 'स्टीम' केलं तर चालेल का? किती वेळा?

उत्तर : चालेल की. त्यातून स्टीम वगैरे काही निघत नाही, गरम पाणीच असतं, नाव पडून गेलंय. शाम्पू बाटलीवर लिहिलाय त्याच्या निम्माच घाला, कारण हे मशीन ओढायला कमी पडतं आणि मागे राहिलेला शाम्पू चिकट होऊन महिनाभरात धूळ पकडतो. दुसरा हात साध्या पाण्याचा मारा. पाण्याचा एक फेरा तर कोरडे तीन, हात दुखेपर्यंत. खिडक्या उघड्या, पंखा कार्पेटच्या दिशेने, आणि सोफा परत ठेवताना पायांखाली फॉइलचे तुकडे, नाहीतर लाकडाचा रंग ओल्या कार्पेटमध्ये उतरतो आणि मग तुम्ही मला अजून एक पत्र लिहिता.